बाबांच्या तोंडचे दोन शब्द

जोगेश्वरीच्या खोलीत आम्ही दोघंच राहत होतो, बाबा आणि मी. आजीने अंथरूण धरलं म्हणून आई गावी गेली, धाकट्या बाळूलाही सोबत घेऊन गेली, त्याला तिथल्याच शाळेत घातलं, आणि मग आजी बरीही होईना आणि जाईनाही, त्यामुळे आईचं परतणं प्रत्येक पत्रात एकेक महिना पुढे सरकत राहिलं. डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या खोल्या, त्यांतली आमची शेवटची. मागच्या भिंतीपलीकडे म्हशींचा तबेला होता. म्हशी भिंतीला अंग घासायच्या तेव्हा आमच्या फळीवरचे डबे हलायचे. पहिले काही दिवस मी दचकायचे, मग डबे हलले की मला कोणीतरी आल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी शेजारच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, कोणाच्या तरी रेडिओवर कामगारांसाठी गाणी लागायची आणि चार वाजता गवताची गाडी यायची. एवढं झालं की माझा दिवस संपायचा.

मी विसाव्या वर्षात होते. बारावी झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या, अर्ज धाडलेले, उत्तरं कुठूनच नाहीत. बाबा सकाळी डबा घेऊन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत जायचे, तिथे गेटवर वॉचमन होते. खाकी गणवेश त्यांना एक माप मोठा मिळाला होता. संध्याकाळी यायचे, अंग धुवायचे, मी वाढलेलं जेवायचे. भात, कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा असला तर तो. जेवण झाल्यावर आपलं ताट आपण घासून दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे. रागावलेले नसायचे. बोलायचे नाहीत, इतकंच. एकदा भाजीवालीने मला काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच फुटेना, खाकरावं लागलं. तेव्हा लक्षात आलं की आदल्या दिवसापासून मी एक शब्दही बोललेले नाही.

बाबा आधी असे नव्हते. गिरणगावात आमची खोली होती तेव्हा ते चाळीच्या भजनी मंडळात टाळ धरायचे, पहिल्या रांगेत. मागावर विणकर होते. मग तो संप आला, सगळ्या गिरण्यांचा, संपायचं नाव घेईना असा. त्या संपात एका सकाळी बाबा मागच्या गेटाने कामावर गेले. जेमतेम आठ दिवस ते कामाला गेले असतील. नवव्या दिवशी भजनी मंडळातल्या कोणीतरी बाबांचे टाळ आमच्याकडे पाठवून दिले, मंडळाच्या पेटीत असायचे ते, जुन्या वर्तमानपत्रात नीट बांधून. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. फक्त टाळ परत आले. बाबांनी त्या दिवसापासून गिरणीत जाणं बंद केलं, पुढे गिरणी स्वतःच बंद झाली, आणि वर्षाच्या आत आम्ही ओळखीचं कोणी नसलेल्या जोगेश्वरीत राहायला आलो. त्या आठ दिवसांबद्दल घरात कधी कोणी बोललं नाही. मला एवढंच माहीत होतं की घरात तांदूळ नव्हते. आई तसं म्हणायची.

बाबा गेटवर असायचे त्या अंधेरीच्या वसाहतीत एक बंद पडलेला गाळा होता, त्यामुळे श्रीरंग आमच्या आयुष्यात आला. पार्ल्याचा मुलगा, तिशीचा असेल, बँकेत नोकरी, जाड भिंगांचा चष्मा. त्याला सिनेमा करायचा होता. गाणी नाहीत, नट नाहीत. उपनगरातल्या कारखान्यांना दमदाटी करणारी एक टोळी, तिचा म्होरक्या दाजी, आणि त्या टोळीची खबर चौकीवर पोचवल्याचा संशय असलेला तात्या नावाचा म्हातारा वॉचमन. सगळी माणसं खरी, रस्त्यावरची, असा त्याचा हट्ट होता. गाळ्याची परवानगी मागायला तो गेटवर आला आणि बाबांकडे बघत उभा राहिला. परवानगी मालकांकडून मिळाली. तात्या त्याला गेटवरच मिळाला होता.

बाबा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या संध्याकाळी जेवताना ते आपणहून म्हणाले, "ते म्हणतत, नुसतो उभो रव. तसो मी रोज रवतंयच." आणि किंचित हसले. मालवणी ते फक्त घरात बोलायचे, तेही मनात काही हललं तरच. मी लगेच पुढे विचारायला हवं होतं, पण त्या हसण्याने मी इतकी गोंधळले की त्यांना भातच वाढत राहिले.

चित्रीकरण रविवारी व्हायचं, कारण सगळ्यांना नोकऱ्या होत्या. दाजीचं काम महादेव साळवे करत होते. ते बसचे कंडक्टर, रुंद खांद्यांचे, गालावर देवीचे वण, आवाज असा की गाळ्याचे पत्रे थरथरावेत. आले की सगळ्यांना हात जोडून जयभीम करायचे, कॅमेरा सुरू झाला की एखाद्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळायचे, आणि कट म्हटलं की त्याचीच कॉलर सरळ करून विचारायचे, लागलं नाही ना. बाबांना ते काका म्हणायचे. एका प्रसंगात त्यांना बाबांच्या थोबाडीत मारायची होती, तर आधी त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. श्रीरंग वैतागला होता, साळवेंना वाईट दिसायला सांगता सांगता त्याचा घसा बसायचा.

पहिल्या रविवारी मी बाबांचा डबा घेऊन गेले आणि कोपऱ्यात उभी राहून बघत होते. एकाच प्रसंगाचे दोन तुकडे चालले होते. मधे चहा झाला. दुसऱ्या तुकड्यासाठी बाबा उभे राहिले तेव्हा मी शेजारच्या मुलाला म्हटलं की बाबांची टोपी मघाशी डावीकडे कललेली होती आणि वरचं बटण उघडं होतं. ते श्रीरंगने ऐकलं. त्याने मला एक वही आणि पेन दिलं आणि सांगितलं, आता हे तुझं काम. कोणत्या हातात विडी, किती जळालेली, शर्टाच्या बाह्या किती दुमडलेल्या, दार किती उघडं, सगळं लिहायचं, म्हणजे तुकडे जोडताना कुठे उसवलेलं दिसणार नाही. मी ते काम असं केलं जसं पुढे पगाराचंही कुठलं काम केलं नाही. रक्तही मीच करायचे. आईने गावाहून पाठवलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट लाल रस, त्यात कॉर्नफ्लोर घालून चुलीवर आटवायचं. काळ्यापांढऱ्या फिल्मवर ते अगदी खरं दिसायचं. फक्त मुंग्या लागायच्या, आणि मेलेल्या माणसाला कट होईपर्यंत खाजवता यायचं नाही.

खरं सांगायचं तर ते रविवार माझ्या तरुणपणातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि हे लिहिताना मला आजही थोडी लाज वाटते. सोमवारी सकाळी बाबा गेले की मी वही काढून वाचत बसायचे. साळवे, उजवा हात, रुमाल. बाबा, टोपी सरळ, डबा जमिनीवर. घरातल्या बाबांकडे मी कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. गाळ्यात मात्र मला त्यांच्या मानेवरची शीर कधी उडते तेसुद्धा माहीत होतं. आणि घरी आल्यावर आम्ही दोघंही पुन्हा गप्प.

चौथ्या रविवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत श्रीरंग माझ्या शेजारी गाळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसला. बाबा गेटपाशी झाडाखाली जेवत होते, एकटेच, तिथे त्यांना बरं वाटायचं. श्रीरंगने मला विचारलं की तू दिवसभर काय करतेस. इतकाच प्रश्न. मी म्हटलं काही नाही. तो म्हणाला, काही नाही म्हणजे काय काय, सांग ना. तो ऐकायचा फार चांगलं. मान थोडी कलती ठेवायचा आणि मधे बोलायचा नाही. मी म्हशींचं सांगितलं, आईच्या पत्रांचं सांगितलं, टायपिंगचं सांगितलं. मग त्याने विचारलं, काका आधीपासून असेच शांत का. आणि मी सगळं सांगितलं. संप, मागचं गेट, आठ दिवस, वर्तमानपत्रात बांधून आलेले टाळ. मला आठवतं, सांगताना माझा आवाज मोठा झाला होता, मी हातवारे करत होते, मला छान वाटत होतं. कोणीतरी माझं ऐकत होतं. सांगून झाल्यावर मी म्हटलं, हे बाबांना कळू देऊ नका. तो म्हणाला, वेडी आहेस का.

पुढच्या रविवारी मोठा प्रसंग होता. दाजी तात्याला गाळ्यात आणतो, लोखंडी पिंपावर बसवतो आणि विचारतो, चौकीवर गेला होतास तो तूच ना. तात्या म्हणतो, मी नव्हतो. एवढंच बोलणं. बाकी सगळं बाबांच्या चेहऱ्यावर दिसायला हवं होतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं. उभं राहायचं, चालायचं, विडी पेटवायची तर ते सहज करायचे, पण इथे ते एखादा निरोप सांगावा तसं ‘मी नव्हतो’ म्हणत. तीनदा झालं, चारदा झालं. पत्र्याखाली उकडत होतं. श्रीरंगने दिवे बंद केले, सगळ्यांना पाणी प्यायला सांगितलं आणि साळवेंना बाजूला घेऊन त्यांच्या कानात काहीतरी बोलला. साळवेंनी भुवया वर केल्या, मग मान हलवली. मी वहीत पाचव्या खेपेचा आकडा घातला.

दिवे लागले. साळवे बाबांभोवती एक फेरी मारून समोर आले. ठरलेला प्रश्न त्यांनी विचारला नाही.

"तात्या, संपात सगळे उन्हात बाहेर उभे होते," ते अगदी हळू म्हणाले, "तेव्हा मागच्या गेटाने आत गेला, तो कोण? तूच ना?"

बाबांनी वर पाहिलं. मी त्यांचा तो चेहरा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही कधी पाहिला नाही. रागाचा नव्हता. रस्त्यात उभं असताना कोणी अंगावरचे कपडे ओढून न्यावेत आणि माणसाने आधी काही झाकायलाही हात हलवू नये, तसा. मग त्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. साळवेंकडे बघितलं नाही, श्रीरंगकडे बघितलं नाही. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. कॅमेरा चालू होता, त्याची घरघर ऐकू येत होती. त्यांचे ओठ हलले. "मी नव्हतो," ते म्हणाले.

आणि मी काय केलं? मी वहीत लिहिलं, टोपी डाव्या हातात.

श्रीरंगने कट म्हटलं आणि बाबांना मिठी मारायला धावला. बाबांनी टोपी घातली, पिंपावरून उतरले, आज अजून काही आहे का असं त्याला विचारलं, नाही म्हटल्यावर आपला डबा घेतला आणि निघाले. मी मागून जायला हवं होतं. मी श्रीरंगकडे गेले. "का केलंत तुम्ही असं?" एवढंच मला विचारता आलं.

"नलू, ते दृश्य बघशील तेव्हा कळेल तुला," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. "माझ्या हातून याच्याइतकं खरं पुन्हा काही होणार नाही." तो खोटं बोलत नव्हता. पुढे त्याने आणखी काहीच केलं नाही, बँकेतूनच निवृत्त झाला. मी त्याला बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या, पण आता वाटतं, त्याने जे केलं ते त्याच्या सिनेमासाठी केलं. मी जे केलं त्याला तेवढंही कारण नव्हतं.

मी पोचले तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. मी स्वयंपाक केला, ते जेवले, ताट घासलं.  पण आधीची शांतता आणि ही शांतता वेगळी होती. आधीच्या शांततेत मला कोपऱ्यात का होईना, जागा होती. आता ते माझ्याकडे पाहायचे नाहीत, आणि पाहत नाहीत हे मला कळू नये म्हणून धडपडायचे, पाण्याचा तांब्या मागताना फळीकडे बघून मागायचे. मी आईला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. साळवे एका संध्याकाळी पत्ता शोधत आले. ड्युटीवरून थेट आले होते, खाकी कपड्यांत, हातात डझनभर केळी. बाबाही खाकीत. दोन खाकीतली माणसं समोरासमोर बसली. साळवे म्हणाले, "काका, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं नुसता डायलॉग आहे." बाबा म्हणाले, असू दे. मग म्हशींनी भिंतीला अंग घासलं, डबे हलले, साळवे दचकले आणि उठून गेले.

आणि उरलेल्या चार रविवारी मी पुन्हा गाळ्यात जात राहिले. बाबाही जात राहिले, त्यांनी शब्द दिला होता. आम्ही बरोबर निघायचो आणि बरोबर परतायचो. मी का गेले याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं. आता देते. घरात बसवत नव्हतं.

सिनेमाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. पार्ल्यातल्या एका सभागृहात एका सकाळी तो दाखवला, शंभरेक माणसं असतील. आणखी दोन-तीन ठिकाणी दाखवला म्हणे. नंतर त्या रिळांचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही. पार्ल्याच्या खेळाला मी एकटी गेले. पिंपावरचं दृश्य आलं आणि सभागृहात कोणी हलेना. दृश्य संपल्यावर मागून टाळ्या वाजल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, कुठून आणलं असेल हो या म्हाताऱ्याला. मी उरलेला सिनेमा पाहिला नाही. त्या दृश्यात चेहरा बाबांचा होता, पण ‘मी नव्हतो’ हे दोन शब्द बाबांच्या आवाजात नव्हते. ते कसं झालं, ते सांगायचं राहिलंय.

आमच्याकडचा कॅमेरा एवढा आवाज करायचा की त्या वेळचं बोलणं वापरता येत नसे. सगळ्यांनी नंतर स्टुडिओत येऊन आपापलं बोलणं पुन्हा बोलायचं, पडद्यावर ओठ हलतील तसतसं. अंधेरीतच एका इमारतीच्या तळघरात ती जागा होती. भिंतींना गोणपाटासारखं काहीतरी ठोकलेलं, आत गेलं की स्वतःचा श्वास मोठा वाटायचा. फिल्मचा एक तुकडा टोकाला टोक जोडून लावायचे, म्हणजे तेच दृश्य पडद्यावर संपून पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा पुन्हा. कोणत्या तुकड्यात काय बोलायचं ते माझ्या वहीत होतं, म्हणून मला बोलावलं होतं. बाबांची पाळी दुपारी होती. एकेक तुकडा त्यांनी नीट केला, कानाला हेडफोन लावून, माइकसमोर ताठ उभे राहून. शेवटी तो तुकडा लागला.

पडद्यावर साळवे वाकले. बाबांनी वर पाहिलं, टोपी काढली, मान वळवली, ओठ हलले. माइकसमोरचे बाबा काहीच बोलले नाहीत. पुन्हा लावलं. पुन्हा नाही. काचेपलीकडून श्रीरंगने हात केला की अजून एकदा. सहा वेळा तरी ते दृश्य फिरलं असेल. पडद्यावरचे बाबा प्रत्येक वेळी मान वळवून बघायचे, आणि मी अशा जागी उभी होते की प्रत्येक वेळी माझ्याकडेच बघायचे. सातव्यांदा पडद्यावर साळवेंनी विचारलं, आणि बाबांनी माइकमध्ये उत्तर दिलं. घरातल्या आवाजात, सावकाश.

"होय, मीच गेलंय. सगळे म्हणतत भुकेन गेलो. भुकेन नाय गेलंय. माका घरात करमत नव्हता. वीस वर्सां मागाच्या आवाजात काढलंय. घरात नुसतो बसलंय की कान फुटासारखे होयत. तो आवाज ऐकूक गेलंय."

पडद्यावर तोवर दृश्य संपून पुन्हा सुरू झालं होतं. तिथले बाबा अजून पिंपावर बसत होते. यंत्रावर बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याने आपल्या कामाचं सांगितलं. "काका, ओठ जुळत नाहीत," तो म्हणाला.

श्रीरंग आत आला. त्याला कळलं होतं, त्याचा चेहरा उतरला होता. तरी तो म्हणाला, काका, तेवढे दोनच शब्द म्हणा, मी नव्हतो, मग झालं. बाबांनी हेडफोन काढून स्टुलावर ठेवले. "त्या दिवशी तोंडातून गेला," ते म्हणाले. "आता ता माझ्याच्यान होवचा नाय." राग नव्हता त्यात. जमत नाही, म्हणून सांगितलं. ते शब्द मग श्रीरंगनेच स्वतःच्या आवाजात भरले. बाबा जे बोलले ते पुसून टाकलं, त्या ध्वनिफितीवर दुसरं काही घ्यायचं होतं. ऐकलेले आम्ही तिघं. श्रीरंगला ते आठवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. यंत्रावरच्या माणसाला नक्कीच नसेल.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बससाठी न थांबता बाबा चालू लागले, मी मागून. मोठ्या रस्त्याच्या कडेने गवत वाढलेलं, ट्रक जायचे तेव्हा ते आडवं व्हायचं. मी मनात वाक्य जुळवत होते. बाबा, मी सांगितलं. बाबा, चुकले मी. आईलाही जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका यंत्राला सांगितलं होतं, आणि ते यंत्राला तरी सांगावं लागलं ते माझ्यामुळे. वाक्य काही जुळेना. जोगेश्वरीचा फाटा दिसायला लागला तेव्हा बाबा थांबले, मी बरोबरीला येईपर्यंत.

"तुका घरात बोलूक कोण नव्हता," ते म्हणाले. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "ता माझ्या ध्यानात येवक व्हया होता."

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे. त्या वाक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं याचा मी इतक्या वेळा विचार केला आहे की खरं काय घडलं आणि मी मनात काय घडवलं यांची कधीकधी सरमिसळ होते. पण खरं एवढंच की मी काही बोलले नाही. मला रडू येत होतं आणि रस्त्यावर माणसं होती. बाबांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांनी विचारलं, रात्री जेवायला काय करतेस. मी म्हटलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सकाळीच भिजत घातलेत. ते म्हणाले, कसं करतेस.

जन्मभर ते सांबारं खाल्लेला माणूस मला विचारत होता. मी म्हटलं, वाटाणे आधी शिजवून घेते. ते म्हणाले, मगे? मी म्हटलं, कांदा नि खोबरं चुलीवर भाजून घेते, काळपट होईपर्यंत. मगे? मग पाट्यावर वाटते, धणे घालून, आईएवढं बारीक नाही होत माझ्याकडून. आम्ही चालायला लागलो होतो, आता शेजारी शेजारी. मी सांगत होते, मिरच्या किती घेते, आमसुलं कधी घालते, उकळी आली की आच कशी कमी करते, आणि जे सांगायची गरज नव्हती तेही सांगत होते, आणि चढाच्या पायऱ्या संपून आमचं दार येईपर्यंत बाबा मगे, मगे म्हणत राहिले.